माशांचा दवाखाना

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तुमच्या आईवडिलांनी, कदाचित आजोबांनीही, शाळेच्या सहलीत तिथल्या काचांना नाक लावून समुद्रातले रंगीबेरंगी मासे पाहिले असतील. काही हौशी लोक घरातही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा असतो, निळाशार सर्जन मासा असतो, प्रवाळ आणि कोळंबीही असते. यांतले बरेच मासे समुद्रातल्या प्रवाळांमधून पकडलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत बसून ते शेकडो मैल प्रवास करतात. दमलेला मासा लवकर आजारी पडतो. तुम्ही आजारी पडलात तर तुम्हांला डॉक्टरांकडे नेतात. माशाला कुठे न्यायचे?

त्याच्यासाठी घरातच एक वेगळी टाकी मांडावी लागते. तिला विलगीकरणाची किंवा क्वारंटाइनची टाकी म्हणतात. २०२० साली करोनाच्या साथीत घराघरांत ऐकू आलेला हा शब्द फार जुना आहे. उर्दूत तुम्ही त्याला 'करंतीना' म्हणता. प्लेगच्या भीतीने १३७७ साली रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, या शहराने साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेरच थांबवले. पुढे व्हेनिसमध्ये हे दिवस ४० झाले. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. चाळीस दिवस म्हटले की तुम्हांला 'चिल्ला' आठवला असेल!

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा एक नेहमीचा रोग म्हणजे पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर, परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, भराभर श्वास घेतो, खाणे सोडतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पॅरामेशिअमचे चित्र पाहिले आहे ना? त्याच्यासारखाच, एका पेशीचा आणि अंगावर बारीक केस असलेला एक जीव हा रोग करतो. त्याचे नाव क्रिप्टोकॅरिऑन. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो व तिथेच पोट भरतो.

या जीवाची जीवनकथा नीट समजून घ्या, कारण सारा उपचार तिच्यावरच अवलंबून आहे. माशाच्या कातडीखाली तो तीन ते सात दिवस राहतो आणि वाढतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. मग एके रात्री, अंधारात, तो मासा सोडून खाली पडतो. वाळूवर किंवा दगडावर चिकटून स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. कवचाच्या आत त्याचे तुकडे होत जातात आणि एकाचे दोनशेपर्यंत नवे जीव होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कवच फुटते. बाहेर पडलेले जीव पोहत पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते मरतात.

समुद्र अफाट आहे. तिथे दोनशेंपैकी एखाद-दुसऱ्यालाच मासा सापडतो, म्हणून समुद्रातले मासे या रोगाने सहसा मरत नाहीत. काचेच्या टाकीत मात्र मासा पळून जाणार कुठे? पहिल्या फेरीत पाच ठिपके असतील, तर दुसऱ्या फेरीत शेकडो दिसू शकतात.

येथेच पुष्कळ लोक फसतात. चार-पाच दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात. घरचे म्हणतात, "चला, मासा बरा झाला!" प्रत्यक्षात रोग माशावरून उतरून वाळूत जाऊन बसलेला असतो. दुकानदाराने दिलेले एखादे औषध त्याच दिवसांत टाकले असेल, तर सगळे श्रेय त्या औषधाला मिळते. पुढच्या फेरीत मासा मरतो, आणि तोपर्यंत बाटली रिकामी झालेली असते.

खरे औषध म्हणजे तांबे. तांब्याचा क्षार, मोरचूद, तुम्हांला ठाऊक असेल. उर्दूत त्याला 'नीला थोथा' म्हणतात. पण तांबे कातडीखालच्या जीवापर्यंत पोहोचत नाही आणि कवचही भेदू शकत नाही. पाण्यात मोकळे पोहणारे जीव मात्र त्याने मरतात. म्हणून कवचे फुटत राहतील तितके दिवस तांबे पाण्यात हजर असले पाहिजे. तीन ते सहा आठवडे उपचार चालू ठेवावा लागतो. ठिपके गेले म्हणून तो मध्येच थांबवायचा नाही.

मोरचुदाने उपचार करताना एक लिटर पाण्यात तांबे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे. त्याहून कमी असेल तर रोग मरत नाही, फार जास्त झाले तर मासाच मरतो. साठ लिटरच्या टाकीत बारा मिलिग्रॅम तांबे म्हणजे किती थोडे, विचार करा. अंदाजाने चिमूट टाकणे येथे मुळीच चालत नाही. चाचणीच्या संचाने रोज पाणी तपासावे लागते. तयार औषधांची मात्रा वेगळी असते, ती बाटलीवर वाचावी.

हे औषध मोठ्या टाकीतच का टाकू नये? कारण माशाला सोसणारे तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना मारते. शिवाय प्रवाळाची वाळू आणि शिंपले तांबे शोषून घेतात, मग पाण्यात ते उरतच नाही. म्हणून दवाखान्याची टाकी अगदी उघडीबोडकी असते. तळाला वाळू नाही, दगड नाही. माशाला लपायला प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे ठेवले की पुरे. टाकी दिसायला गरीब दिसते खरी, पण दवाखान्याला सजावट हवी कशाला?

या टाकीत माशाला मोठा धोका औषधाचा नसून त्याच्याच मलमूत्राचा असतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. जुन्या टाकीत काही उपयोगी जिवाणू त्याचे रूपांतर कमी विषारी पदार्थांत करतात. नव्या, कोऱ्या टाकीत हे जिवाणू नसतात. म्हणून जाणते लोक स्पंजाची एक गाळणी काही आठवडे आधीच मोठ्या टाकीत ठेवतात. तिच्यात जिवाणूंची वस्ती झाली की ती दवाखान्यात हलवतात. मात्र ही तयारी मोठी टाकी निरोगी असतानाच करायची. रोग आल्यावर गाळणीबरोबर कवचेही यायची. याशिवाय थोडे थोडे पाणी वरचेवर बदलावे. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते. स्वयंपाकातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात इतरही अनेक क्षार असतात. नव्या पाण्यात तांब्याची मात्राही तितकीच ठेवायला विसरू नये.

औषधाशिवायचाही एक उपाय आहे, आणि मला तो अधिक आवडतो. दोन टाक्या घ्यायच्या. दर तीन दिवसांनी मासा एका टाकीतून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचा. असे चार वेळा करायचे. खाली पडलेली कवचे फुटण्याआधीच मासा तिथून निघून गेलेला असतो. मेहनत भरपूर, पण माशाला विष नाही.

आता मोठ्या टाकीचे काय? तिच्यातले सगळे मासे बाहेर काढावेत, ठिपके नसलेलेही. प्रवाळ आणि कोळंबी तिथेच राहू द्यावीत, त्यांच्यावर हा जीव जगत नाही. बहुतेक कवचे चार आठवड्यांत फुटतात, पण काही ७२ दिवसांपर्यंतही टिकतात. म्हणून टाकी अडीच महिने माशांवाचून ठेवणे बरे. या काळात दोन्ही टाक्यांची जाळी, बादली आणि नळी वेगळी असावी, कारण ओल्या जाळीवरच्या थेंबातूनही रोग परत जातो. नवा मासा आणला, तर तो ठणठणीत दिसत असला तरी आधी चार आठवडे वेगळा ठेवावा.

काम संपले की दवाखान्याची टाकी, नळाचे तुकडे आणि जाळी गोड्या पाण्याने धुवावीत आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत उन्हात ठेवावीत. कोरड्या काचेवर ही कवचे जगत नाहीत.