तुमच्याकडं भांडी वाजली का?

बुधवारी, १० जुलै २०२४ ला सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी हिंगोली जिल्हा हादरला. तीव्रता ४.५, खोली दहा किलोमीटर, केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. हे आकडे एव्हाना लहान मुलांनाही पाठ झाले आहेत. पण जमीन थांबते न थांबते तोच हिंगोली, वसमत, सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या घराघरांतल्या मोबाइलवर वेगळाच अहवाल लिहिला जाऊ लागतो. त्यात आकडे नसतात. त्यात मांडणीवरचे डबे असतात, देवघरातली घंटा असते, हलणारा पंखा असतो आणि 'तिकडं हादरलं का?' हा प्रश्न असतो.

भावकीचा गट, बचतगटाचा गट, दहावीच्या वर्गमित्रांचा गट, शाळेतल्या पालकांचा गट. एरवी इथं सकाळच्या शुभेच्छा, लग्नाच्या पत्रिका आणि वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव फिरतो. धक्क्याच्या सकाळी मात्र या गटांवर घरं बोलू लागतात. कुणाला वाटलं शेजारी डंपर आला, कुणी मांजरावर आळ घेतला, कुणी सुनेला विचारलं की परात कुणी आपटली. ज्याला काहीच कळलं नाही आणि जो अंथरुणात घोरत राहिला, त्याची दिवसभर कुंभकर्ण म्हणून टर उडवली जाते. भीती पोटात असते, तिच्यावर हसणं ओठांवर असतं. मराठवाड्यात भूकंप म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवतेच. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाढ झोपलेली गावं चारच्या सुमारास गाडली गेली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या आठवणीसोबत जगणाऱ्या घरांनी एकमेकांना हसवणं, ही धीर देण्याचीच रीत आहे.

या गप्पांना बडबड समजून बाजूला सारलं जातं. 'अफवा पसरवू नका' या एका वाक्यात भांड्यांचा आवाज आणि खोटी भाकितं दोन्ही गुंडाळली जातात. हे नुकसानीचं आहे, कारण भांडी वाजली की नाही, हा प्रश्न भूकंपशास्त्राने शंभर वर्षांहून अधिक काळ अत्यंत गांभीर्याने विचारलेला आहे.

त्यासाठी एका इटालियन पाद्र्याची ओळख करून घ्यायला हवी. जुझेप्पे मेर्काली १८५० साली मिलानमध्ये जन्मला, धर्मोपदेशक झाला, शिक्षक झाला आणि आयुष्यभर ज्वालामुखी व भूकंपांच्या मागे फिरला. रिश्टरचं मापक १९३५ सालचं. मेर्कालीची मोजपट्टी त्याच्या कितीतरी आधीची, १९०२ सालची. तिला यंत्र लागत नव्हतं, माणसं आणि त्यांची घरं लागत होती. पुढे कांकानी आणि झीबर्ग यांनी ती बारा पायऱ्यांपर्यंत वाढवली आणि १९३१ साली हॅरी वुड आणि फ्रँक न्यूमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिचं सुधारित रूप तयार केलं. ते वाचताना एखाद्या नीटनेटक्या गृहिणीने घराची पाहणी करून टिपण लिहावं, असं वाटतं. दुसरी पायरी : वरच्या मजल्यावर स्वस्थ बसलेल्या मोजक्या माणसांना जाणवलं, टांगलेली नाजूक वस्तू झुलली. तिसरी : घरात जाणवलं, जवळून ट्रक गेल्यासारखं. चौथी : ताटवाट्या, खिडक्या, दारं खडखडली, भिंती करकरल्या. पाचवी : झोपलेले पुष्कळ जण जागे झाले, काही भांडी फुटली, डुगडुगत्या वस्तू उलटल्या, लंबकाची घड्याळं थांबली. सहावीला जड कपाटं सरकतात आणि कुठे कुठे गिलावा पडतो.

म्हणजे डंपर आल्यासारखं वाटलं हे शास्त्रातलं टिपण आहे. भावकीतला कुंभकर्ण जागा झाला की नाही, हेसुद्धा.

यंत्र सांगतं तो आकडा सगळ्या भूकंपासाठी एकच असतो. घराला बसलेला हिसका मात्र घरागणिक बदलतो. खाली काळी माती किती खोल आहे, घर माळवदाचं आहे, पत्र्याचं आहे की सिमेंटचं, माणूस कोणत्या मजल्यावर होता, यावर तो ठरतो. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छत कोसळून. हिंगोलीचंच उदाहरण घ्या. त्याच वर्षी २१ मार्चलाही ४.५ तीव्रतेचाच धक्का बसला होता, सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी, आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. आकडा तोच, पण मार्चमध्ये कितीतरी माणसं अंथरुणात होती आणि जुलैत चुलीपुढे, गोठ्यात, शाळेचे डबे भरताना. आडव्या माणसाला जे जाणवतं ते चालत्या माणसाला जाणवत नाही. त्यामुळे 'आम्हाला काहीच कळलं नाही' म्हणणारा काय करत होता, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर अपुरं राहतं.

अशा नोंदी गोळा करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी देशभरातून लोकांचे अनुभव जमवून नकाशा काढला. त्यांचा १८९९ चा अहवाल आजही अभ्यासला जातो. तेव्हा टपाल होतं, आता हातात मोबाइल आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गेल्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवर 'तुम्हाला जाणवला का?' अशी प्रश्नावली सुरू केली. झोपेत होतात का, फळीवरच्या वस्तू खडखडल्या की पडल्या, भिंतीवरच्या तसबिरी कलल्या का, असे तिचे प्रश्न आहेत. फ्रान्समधून चालणाऱ्या युरोपीय-भूमध्य भूकंप केंद्राने तर शब्दही काढून टाकले. त्यांच्या अ‍ॅपमध्ये व्यंगचित्रासारखी छोटी चित्रं असतात. आपल्या घराची जी अवस्था झाली त्या चित्राला बोट लावायचं, की नोंद झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही ते जमेल. हसरी, हलकीफुलकी मांडणी आणि चोख माहिती एकत्र नांदू शकतात, याचा हा उत्तम पुरावा.

वेगाचाही मुद्दा आहे. भूकंपाच्या जोरदार, उशिरा येणाऱ्या लाटा सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर धावतात, शंभर किलोमीटरला जवळपास अर्धा मिनिट. संदेश त्याहून फार लवकर पोचतो. २३ ऑगस्ट २०११ ला व्हर्जिनियात भूकंप झाला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या लोकांनी ट्विटरवर त्याबद्दल आधी वाचलं आणि हादरा नंतर अनुभवला.

आणि हे सगळं हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जास्तच महत्त्वाचं आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक गेली काही वर्षं जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांबद्दल सांगत आले आहेत. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथं 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेला २,६०० कोटींचा हा प्रकल्प चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक ओळखणारं असं यंत्रसुद्धा माणसाच्या डोळ्यावाचून अडतं. अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोमध्ये २०१७ साली कुठूनसे विचित्र टोले ऐकू येऊ लागले. यंत्राने आवाज टिपला, पण कारण कळलं ते माणसांनी बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा. थंड नळीवर साचलेला बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते. बर्फावर त्यांच्या चोचींच्या खुणा होत्या.

घराघरांतल्या गटांवर दर धक्क्यानंतर अशाच खुणा पडतात आणि दोन दिवसांत नव्या संदेशांखाली पुरल्या जातात. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे नागरिकांना अनुभव कळवता येतो. पण तांड्यावरची बाई दिल्लीच्या संकेतस्थळावर जाण्याची वाट का पाहायची? जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने तिच्याच गटात उतरावं. गाव कोणतं, घर कशाचं, किती वाजता, बसला होतात की झोपला होतात, काय हललं, काय पडलं, एवढंच साध्या मराठीत विचारावं, मांडणी-परात-तांब्याच्या नावांनी. शिक्षक आणि आशाताई हे काम अर्ध्या तासात करू शकतील. गमती गाळायची गरज नाही. मांजरावर आळ घेतलेल्या संदेशातही वेळ आणि घर असतंच. गाळायची ती फक्त 'आज रात्री मोठा भूकंप होणार' छापाची भाकितं, कारण भूकंपाची वेळ आधी सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही.

एका गोष्टीला मात्र उशीर चालणार नाही. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढण्याचं आवाहन केलं होतं. ते योग्यच होतं, पण माणूस पत्र्यावर दगड हौसेने ठेवत नाही. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवतो. दगड काढायचे तर पत्रे आधी हुक आणि नटबोल्टने आवळावे लागतील. त्याचा खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही. कळमनुरी, वसमत आणि औंढा तालुक्यांत तो ग्रामपंचायतीने उचलावा आणि काम झालेल्या घरांचे फोटो गावाच्या गटावर रोज टाकावेत, म्हणजे कुणाचं छप्पर राहिलं ते गावालाच दिसेल.