मोपेडचा कार्बोरेटर : पेट्रोल वाचवा, पण पिस्टन जाळू नका



उसाच्या फडावर चक्कर टाकायची असो, कालव्याच्या पाण्याची पाळी धरायची असो की गट ऑफिसात नोंद द्यायची असो, दारातली मोपेडच कामाला येते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली पायडलची लूना आणली. १९८० साली टीव्हीएस ५० आली. पेट्रोलवरची लूना बनायची केव्हाच थांबली, तरी जुनी टू-स्ट्रोक गाडी जिवापाड जपणारे पुष्कळ सभासद आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी आमचीच चूक सांगतो. गाडी पेट्रोल फार पिते म्हणून आम्ही स्क्रू फिरवून आणि बारीक जेट बसवून पेट्रोल कमी केले. चार दिवस खूश होतो. मग मे महिन्याच्या भर उन्हात पाथरी रस्त्यावर गाडी जागीच जाम झाली. वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे बोअर-पिस्टनला गेले.

असे का झाले? टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलमधूनच जाते. म्हणजे पेट्रोल कमी केले की ऑईलही कमी होते आणि वर इंजिन जास्त तापते. हे एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

कार्बोरेटरचे काम तसे सोपे आहे. खालच्या वाटीत फ्लोट असतो. हौदाच्या नळाला तरंगता गोळा असतो ना, तसाच. वाटी भरली की तो पेट्रोल बंद करतो. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येते आणि हवेत मिसळते. अॅक्सिलेटर पिळला की स्लाइड उचलली जाते व जास्त हवा आत जाते.

स्क्रूला हात लावण्याआधी चार गोष्टी कराव्यात. एअर क्लीनर धुऊन वाळवावा. आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की हवा अडते. वाटी उघडून गाळ काढावा. जेट फुंकून किंवा पंपाच्या हवेने साफ करावा, त्यात तार घालू नये, भोक मोठे होते. आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडतो तिथले पॅकिंग फुटलेले नाही ना ते पाहावे. तिथून हवा शिरत असेल तर कितीही स्क्रू फिरवा, गाडी ठिकाणावर येणार नाही.

मग गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून गरम करावी. थंड गाडीवर ट्युनिंग करू नये. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा, जोर लावू नये, आणि साधारण दीड फेरा बाहेर काढावा. तिथून पाव-पाव फेरा मागेपुढे करून इंजिन जिथे एकसारखे चालते तिथे थांबावे. शेवटी रेसचा स्क्रू बेताचा ठेवावा. हवेचा स्क्रू एअर क्लीनरच्या बाजूला असेल तर आत पिळल्यावर पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट. काही अगदी साध्या कार्बोरेटरला हा स्क्रू नसतोच. तिथे रेसचा स्क्रू आणि जेट एवढेच हातात असते.

हा स्क्रू फक्त कमी रेसपुरता असतो. अर्ध्या रेसला सुई काम करते आणि भर रेसला मोठा जेट. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते व पेट्रोल वाढते.

जमले की नाही हे प्लग सांगतो. सरळ रस्त्यावर किलोमीटरभर भर रेसमध्ये जावे, तिथेच इंजिन बंद करावे आणि प्लग निवल्यावर काढून पाहावा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे बरोबर. काळा, ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी. ही धोक्याची खूण समजावी.

आता आपल्या उसाशी जोडलेली गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल. उसाचा रस थेट वापरला तर एका टनापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. हा आपल्याच घामाचा माल आहे. पण जुनी गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो, आणि या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जेट तोच राहिला तर हवा आपोआप जास्त होते. त्यामुळे प्लग पांढरा दिसू लागला तर जेट एक नंबर मोठा घ्यावा. पेट्रोल थोडे जास्त लागेल, पण पिस्टन वाचेल.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. टाकीत पाणी गेले तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसते, ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिनाला खालचा बिनऑईलचा माल मिळतो. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. जुनी रबरी नळी फुगली किंवा मऊ पडली तर लगेच बदलावी.

ऑईल कंपनीने सांगितले तेवढेच घालावे. ५० ला १ असे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, तिथे यातले काही करू नये.

गळीत सुरू झाल्यावर गाडी खोळंबली तर तोडीच्या पाळीला धावपळ आपलीच होते. तेव्हा मोळी पडण्याआधीच एकदा प्लग काढून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.