तीस सप्टेंबरचा पट

सकाळी साडेआठ. मीरा-भाईंदरमधल्या काशिमिऱ्याच्या नाक्यावर कामाच्या आशेने माणसं उभी आहेत. त्यांच्यातल्या काहींची मुलं आमच्या महापालिका शाळेत येतात. आईबापाला काम कुठल्या साइटवर लागतं, त्यावर आमचा पट हलतो.

नऊ. परिपाठ, मग हजेरी. आजच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61वं मूल आलं की तिसरा.

साडेदहा. जालन्याकडची एक आई लेकीला घेऊन दारात उभी.
“बाई, दाखला नाही. घेता का?”
घेतेच. 2010 पासून लागू असलेला कायदा दाखल्यासाठी प्रवेश अडवू देत नाही.
“ताई, जन्म कधीचा हिचा?”
“कापूस वेचायच्या दिवसांत झाली बघा.”
आधारवर तारीख 1 जानेवारी. जुन्या प्रगतिपत्रकावर तारीख वेगळीच, आडनावही वेगळं. मुलीच्या पिशवीत बालभारतीचं गेल्या वर्षीचं पुस्तक होतं, सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर घातलेलं. विचारल्यावर तिने त्यातला धडा अडखळत, पण पूर्ण वाचला. वयाप्रमाणे तिसरीत बसवली, जनरल रजिस्टरला नाव चढवलं.

एक. खिचडी. ताटं मोजून घेतली, नवी मुलगी धरून.

दोन. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदणीतून तिच्या जुन्या शाळेला रिक्वेस्ट पाठवली. आधार मात्र जुळेना. वर्गात बसलेलं, आमच्याकडे जेवलेलं मूल आधार व्हॅलिड नाही म्हणून संचमान्यतेत धरलं जात नाही, हे मला मुळीच मान्य नाही. मूल मोजायचं तर वर्गात येऊन मोजावं.

शहर तर वाढतच गेलं: 2001 ते 2011 या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास होती ती आठ लाखांवर गेली. महापालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा शाळा चालवल्या. पण इमारतींमधल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं सकाळी इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतात. आमचा मराठीचा वर्ग टिकून आहे तो मराठवाडा-विदर्भातून कामाला आलेल्यांच्या, घरी गोरमाटी किंवा हिंदी बोलणाऱ्यांच्या मुलांमुळे. ही मुलं दोन महिन्यांत फाडफाड मराठी बोलायला लागतात.

साडेचार. सलग गैरहजर असलेल्यांच्या घरी फेरी. एका खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, कुटुंब नायगावला गेलं. तिथल्या शाळेत नाव घातलंय का, ते विचारायला मुलाच्या बापाचा नंबर घेतला. दिवाळीनंतर गावाकडून आणखी कुटुंबं येतील. त्यांची मुलं यंदाच्या मोजणीत नसतील, पण बाकं आणि पुस्तकं त्यांना लागतीलच. त्यांच्यासाठी जादा पुस्तकांची मागणी आजच लिहून ठेवली.