शेजारच्या भाषा : लेखांक ७
सामाईक भाषा आणि लिंबायतची सात माध्यमं

गेल्या आठवड्यात आपण एस्पेरांतोपाशी थांबलो होतो. रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणाऱ्यांची भांडणं बियालिस्तोकमध्ये पाहत वाढलेल्या झामेनहॉफने १८८७ साली ती भाषा मांडली. कोणाचीच नाही, म्हणून ती सर्वांची होईल, ही त्याची आशा. तिला जीव लावणारी माणसं मिळाली, पण बाजारपेठ मिळाली नाही. मग युरोपने सामाईक भाषा म्हणून कोणती घ्यावी? इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, की पुन्हा लॅटिन? या वादाकडे आज सुरतच्या लिंबायतमधून पाहू.

इथल्या लूम्सच्या खात्यात पाळी बदलते तेव्हा टपरीवर खान्देशी, ओडिया, तेलुगू आणि उत्तर प्रदेशी कामगार एकत्र चहा घेतात. ‘आज कितना ताका उतरा?’ एवढं सगळ्यांना कळतं. ताका म्हणजे विणून उतरलेला कापडाचा तागा. ही हिंदी कोणी ठराव करून आणलेली नाही. व्याकरण सोपं की अवघड, हेही कोणी तपासलं नाही. शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं, म्हणून ती रुळली. सामाईक भाषा अशीच गरजेपोटी घडते.

तोच कामगार घरी येतो तेव्हा पोरगं म्हणतं, “माय, भूक लागनी.” घरात अहिराणी, वहीत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानाच्या पाटीवर गुजराती. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. बाजाराला एक भाषा पुरली, तरी मुलाला शिकवायला ती पुरत नाही, हे या शहराने ओळखलं.

युरोपही याच वाटेने गेला. आज युरोपीय संघ झालेल्या समुदायाच्या १९५८च्या पहिल्याच नियमाने डच, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन या चार भाषांना अधिकृत स्थान दिलं. आज त्या २४ आहेत. ब्रिटन २०२०मध्ये संघातून बाहेर पडला, तरी बैठकांमधली इंग्रजी गेली नाही. कायदा मात्र प्रत्येक नागरिकाला आपल्या देशाच्या भाषेत वाचता येतो. यासाठी अनुवादकांची फौज पोसावी लागते, आणि तो खर्च मला सार्थ वाटतो. न कळणाऱ्या भाषेतल्या कायद्याखाली माणूस परकाच राहतो.

तरीही दोन्हीकडे कोणीतरी दाराबाहेर उरतंच. पाच-सहा लाखांची माल्टीज युरोपीय संघात अधिकृत आहे, तर कितीतरी पट मोठी कॅटलान नाही. कारण माल्टीजच्या पाठीशी एक देश उभा आहे. लिंबायतच्या घराघरांत बोलली जाणारी अहिराणी त्या सात माध्यमांत नाही आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही.

म्हणून सामाईक भाषा कोणती, यापेक्षा तिच्यापायी कोणाची भाषा उंबऱ्याबाहेर राहिली, हे आधी विचारायला हवं. ‘भूक लागनी’ म्हणणाऱ्या पोराचे ते शब्द पहिलीच्या वर्गात चुकीचे ठरवून खोडले जाऊ नयेत, एवढी सुरुवात तर कोणत्याही शाळेला करता येईल.

पुढच्या लेखांकात : बोली आणि भाषा यांच्यातली रेघ कोण ओढतं?