तेलाचा बुधला आणि घरचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीं आमच्या कनिष्ठ बंधूंस पहांटे छातींत कळ येऊन रुग्णालयांत न्यावें लागलें. ईश्वरकृपेनें व डॉक्टरांच्या तत्परतेनें जीव वांचला. परंतु ते घरीं परत आल्यावर एक निराळाच वाद सुरू झाला. आमच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “आमच्या वेळीं घाण्याचें तेल आणि घरचें तूप होतें, हे रोग तेव्हां कोठें होते?” सूनबाईंचें म्हणणें असें कीं, वरणभातावर पळीपळी तूप पडत आलें, त्याचेंच हें फळ. बंधू स्वतः सडपातळ. हृदयविकार व्हावयाचा तो लठ्ठ माणसास, अशी त्यांची ठाम समजूत. तिघांत खरें कोणाचें, हें पाहण्याकरितां आम्हीं जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

संस्कृतांत ‘स्नेह’ शब्दाचे प्रेम आणि तेलतूप असे दोन्ही अर्थ आहेत. आणि ‘तैल’ म्हणजे मुळांत तिळाचें, यावरूनच आपला तेल हा शब्द आला. तथापि सर्व स्नेह सारखे नव्हत. त्यांतील स्निग्धाम्लांचे संपृक्त व असंपृक्त असे भेद आहेत. संपृक्त भाग अधिक झाला म्हणजे रक्तांतील एल. डी. एल. नांवाचें कोलेस्टेरॉल वाढतें आणि तें हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सांचूं लागतें. हा संपृक्त भाग खोबरेलांत शेंकडा ८० हून अधिक, तुपांत सुमारें ६०, पामतेलांत जवळजवळ निम्मा, शेंगदाण्याच्या तेलांत २० च्या आंतबाहेर, तिळाच्या तेलांत सुमारें १५ आणि करडईच्या तेलांत १० च्या आंत असतो. तेव्हां सूनबाईंची शंका अगदींच निराधार नव्हती; परंतु रोजचें चमचाभर तूप आणि पळीपळी तूप यांत जें अंतर आहे, तें विसरतां कामा नये.

याहून घातक वस्तु म्हणजे जुन्या पद्धतीचें वनस्पति तूप. निकेलच्या साह्यानें हायड्रोजन वायूचा संयोग घडवून आणण्याच्या कृतीबद्दल फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हीच कृति तेलास लावून त्याचें घट्ट तूप करूं लागले. पण ती अर्धवट राहिली म्हणजे ‘ट्रान्स’ जातीचीं स्निग्धाम्लें उत्पन्न होतात. तीं हानिकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक घटवितात, असा दुहेरी अपाय करतात. आपल्या देशांत जानेवारी २०२२ पासून तेलतुपांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा नियम आहे. मातोश्रींच्या ‘आमच्या वेळीं’ लग्नकार्यांतील जिलबी बहुधा याच डब्यांतील तुपांत तळली जात असे, याची आम्हीं त्यांस नम्रपणें आठवण दिली.

तेल कोणतें याइतकाच तें कसें वापरतों हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सणाच्या तळणाचें उरलेलें तेल कढईंत तसेंच ठेवून पुनःपुन्हा तापविण्याची काटकसर आपल्या घरांतून सर्रास चालते. तापलेल्या तेलाचें रूप पालटतें, तें काळवंडतें, दाट होतें व त्यांत अपायकारक द्रव्यें सांचतात. अशा द्रव्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेलेलें तेल वापरण्यास जुलै २०१८ पासून कायद्यानें बंदी आहे. पण घरच्या कढईवर देखरेख कोणी करावयाची? ती आपली आपणच केली पाहिजे.

आतां हिशेबाकडे वळूं. शिक्षकी पेशाची ही संवय सुटत नाहीं. आमच्या घरांत चार माणसें. महिन्यास पांच लिटर तेल. लिटरचें वजन सुमारें ९१० ग्रॅम धरिलें, तर रोज माणशीं ३८ ग्रॅम पडतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २,००० उष्मांकांच्या आहारास तेलतूप मिळून २७ ग्रॅम पुरे म्हटलें आहे. तेल घाण्याचें असो वा रिफाईंड, ग्रॅमास ९ उष्मांक देणारच. म्हणजे रोज माणशीं सुमारें १०० उष्मांक आम्ही नकळत अधिक पोटांत घालीत होतों, आणि तूप त्याहून वेगळेंच!

राहिला बंधूंचा सडपातळपणा. तपासणींत त्यांस मधुमेहही निघाला, आणि मधुमेहानें हृदयविकाराचा धोका पुष्कळच वाढतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील मेद यूडकिन यांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२! वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय देहांतही मेद दडलेला असतो, तो असा. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत मधुमेही लोकांची संख्या १० कोटींहून अधिक आढळली. चरकसंहितेनेंही प्रमेहाच्या कारणांत बैठें सुख, अतिनिद्रा व गुळाचे पदार्थ यांची गणना केलीच आहे. म्हणून तेल कमी करून त्याच्या जागीं मैदा, साखर व भाताचा दुसरा ढीग घेतल्यास लाभ कांहींच नाहीं. त्या जागीं उसळी, पालेभाज्या व मूठभर शेंगदाणे असावे.

तात्पर्य, तिघांचेंही थोडें थोडें खरें होतें, सगळें कोणाचेंच नव्हतें. आम्हीं आमच्यापुरतें इतकें केलें: महिन्याचें तेल तीन लिटरांवर आणिलें, म्हणजे माणशीं २३ ग्रॅम, वर तुपाचा एक लहान चमचा, कीं २७ चा हिशेब जुळला. शेंगदाण्याचें व करडईचें तेल आळीपाळीनें आणतों, तळण सणापुरतें ठेविलें आहे, आणि जेवणानंतर अर्धा तास चालतों. बंधू सांगितलेलीं औषधें नेमानें घेतात. आहार हा औषधास पूरक आहे, पर्याय नव्हे.

पहिला आठवडा भाजी सर्वांसच कोरडी लागली. मातोश्रींनीं तर ताटावरून तसें बोलूनही दाखविलें. परंतु परवां बंधू जेवावयास आले असतां त्यांनीं स्वतःच्या हातानें तुपाची वाटी बंधूंपासून दूर सरकविली, आणि चमचा मात्र पुढें ठेविला. वाचकांनींही या महिन्याअखेर आपल्या घरचा तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, हें एकदां लिहून ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.