मोत्यांची परीक्षा : दाताची कसोटी व तिची मर्यादा

शिरोळ परिसरातील पुष्कळ कुटुंबे लग्नाची नथ घेण्यासाठी कोल्हापूरची गुजरी गाठतात. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहण्याची रीत जुनी आहे व ती निराधार नाही. मोत्याचा थर अ‍ॅरागोनाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा असल्यामुळे तो दातास किंचित खरखरीत लागतो. लेप दिलेला काचेचा मणी बहुधा गुळगुळीत लागतो. वेधाच्या कडेशी त्याचा लेप उडालेला भिंगाखाली दिसतो.

परंतु ‘खरा’ या शब्दात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. मोती नकली नाही, एवढेच दात सांगतो. तो नैसर्गिक की संवर्धित, हे सांगत नाही. संवर्धित मोत्यावरील थरही शिंपल्यातील प्राण्यानेच घडविलेला असतो. भेद गर्भात असतो. खाऱ्या पाण्यातील संवर्धित मोत्यात बहुधा शिंपल्याचाच कोरलेला मणी असतो. मणी व थर यांमधील काळसर रेषा कधी वेधातून दिसते. निर्णायक पुरावा मात्र क्ष-किरण परीक्षाच देते.

जपानचे गोल संवर्धित मोती १९२० नंतरच्या दशकात जागतिक बाजारात आले. तथापि नथ त्यापूर्वीची असली तरी तिच्यातील प्रत्येक मोती तितकाच जुना मानता येत नाही. नथ पुन्हा गुंफताना मोती बदललेला असू शकतो. म्हणून ‘बसरा’ म्हणून अधिक मोल मागितले गेल्यास प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहूनच व्यवहार करणे इष्ट होय.