रंग थोडा, उजेड तिरपा

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. याच रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटेपर्यंत रंगलेले चेहरे पाहिलेल्या साकोली-लाखनीकडच्या तरुणांना घरीही तसा फोटो काढावासा वाटला, तर नवल नाही. मग हाताला लागेल तो रंग गालावर चढतो, आणि तिथेच बिघडते.

डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले आहे म्हणजे पोस्टर कलर चालतो, हा समज सर्वांत चिवट. तो शब्द कागदावर वापरायच्या रंगाबद्दल असतो. चेहऱ्यावर तासभर वाळू देण्याची हमी त्यात नसते. ॲक्रेलिकचा तर प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. सोलताना भुवयांचे केस ओढले जातात. प्रसाधनांना भारतात वेगळे नियम आहेत. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार त्यांतल्या रंगात शिसे दहा लाख भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून जास्त चालत नाही. म्हणून डबीवर ‘कॉस्मेटिक’ हा शब्द शोधावा आणि आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहावा.

‘आपले जुने, नैसर्गिक ते सुरक्षित’ हेही खरे नाही. हिंगूळ खनिजच आहे, पण त्यात पारा असतो. पारंपरिक शेंदूर शिशाचा. हळदीत चुना कालवला की सुरेख लाल रंग येतो. तोच चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते.

आता थराबद्दल. टेंभ्यांच्या, गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या माणसालाही नटाचे डोळे आणि भुवया दिसायला हव्यात, म्हणून रंगमंचावर भडक, जाड रंग लागे. फोनचा कॅमेरा हातभर अंतरावरून पाहतो आणि प्रत्येक भेग टिपतो. पाण्यात कालवलेला रंग जाड लावला तर हसताच तडकतो. तेलकट रंग चकाकतो. त्यावर पावडर हलकेच दाबावी.

चेहऱ्यावर नाट्य येते ते उजेडाच्या दिशेने, आणि त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एकच खिडकी उघडी ठेवावी, मागे काळी शाल टांगावी, चेहरा खिडकीकडून थोडा वळवावा. सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की जमले. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांत तो दिसतो. फ्लॅश बंदच हवा, समोरून पडणारा झोत चेहरा सपाट करतो. फोन अगदी जवळ नेला तर नाक मोठे दिसते, तेव्हा दोन पावले मागे सरून झूम वापरावा.

डोळ्यांना दिसतो तोच रंग फोटोत येतो, असेही नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट केला तेव्हाची कॅमेऱ्यातली फिल्म तांबड्याला जवळजवळ आंधळी होती; लाल ओठ काळे उमटत. आज पिवळ्या बल्बखाली निळा रंग मळकट होतो. दिवसाचा उजेड घ्यावा, हे बरे.

शेवटी रंग काढणे. तेलकट रंग साबणाने घासला तर कातडी सोलवटते, रंग मात्र राहतो. आधी खोबरेल तेल चोळावे, मऊ कापडाने पुसावे, मगच साबण लावावा. दुसऱ्या दिवशीही लाली किंवा जळजळ राहिली, तर डॉक्टरांकडे जाताना रंगाची डबी सोबत न्यावी.